पिशवीच्या तळाचा पांढरा गाळ

गोठवलेल्या प्लाझ्माची, म्हणजे रक्तातून पेशी वेगळ्या केल्यावर उरणाऱ्या पातळ द्रवाची, पिशवी चार अंशांवर रात्रभर टांगून ठेवली की सकाळी तिच्यात ना धड बर्फ असतो, ना धड पाणी. बोटांनी दाबली तर बर्फाच्या गोळ्यासारखी करकरते. मग ती थंड सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायची, वरचा पिवळसर प्लाझ्मा जोडलेल्या दुसऱ्या पिशवीत हलक्या हातानं ढकलायचा आणि तळाशी मोठा चमचाभर द्रव राखून नळी सील करायची. त्या चमचाभरात पांढरट, चिकट धागे दिसतात. दूध नासायला लागल्यावर पहिले कण दिसतात ना, तसे. शिकायला आलेल्या मुली दरवर्षी हमखास विचारायच्या, "मॅडम, ही पिशवी खराब झाली का?"

खराब झालेली नसते. त्या धाग्यांसाठीच तर सगळा खटाटोप असतो. रक्तपेढीच्या भाषेत त्याला 'क्रायो' म्हणतात. ज्यांचं रक्त जन्मापासून नीट गोठत नाही, त्या हिमोफिलियाच्या रुग्णांना हवा असलेला घटक, म्हणजे 'फॅक्टर', त्या गाळात एकवटलेला असतो.

मी सव्वीस वर्षं रक्तपेढीत तंत्रज्ञ होते. क्रायोच्या किती पिशव्या हातांखालून गेल्या त्याची मोजदाद नाही. पण ही पद्धत कुणी शोधली हे मला नोकरी लागून बरीच वर्षं झाल्यावर कळलं, कारण आम्हाला ते कुणी शिकवलंच नव्हतं. त्यांचं नाव ज्युडिथ ग्रॅहॅम पूल. त्यांचं काम समजून घेतल्यापासून हिमोफिलियावरच्या प्रत्येक नव्या उपचाराकडं आणि आपल्या प्रत्येक सरकारी योजनेकडं मी एका ठरावीक नजरेनं बघते. ती नजर मला इथं मांडायची आहे, आणि तिच्यातून निघणारी मागणीही. मागणी साधी आहे. हिमोफिलियाच्या मुलाला फॅक्टर रक्तस्राव झाल्यावर नव्हे, होण्याआधी मिळाला पाहिजे. ठरलेल्या वारी, आणि शक्यतो घरात.

आधी आजाराविषयी थोडं. कापलं की रक्त भळाभळा वाहतं आणि माणूस जातो, अशी हिमोफिलियाची कल्पना आपल्या मनात असते. खरा छळ वेगळा आहे. रक्त आत उतरतं, गुडघ्यात, कोपरात, घोट्यात. काही लागलेलंही नसतं. मूल रात्री नीट झोपतं आणि सकाळी गुडघा नारळाएवढा झालेला असतो. असं एकाच सांध्यात पुन्हापुन्हा झालं की आतलं अस्तर सुजून जाड होतं, कूर्चा झिजते आणि पंधराव्या वर्षी मुलाचा पाय साठीतल्या माणसासारखा वाकलेला राहतो. मांडी घालून बसणं संपतं. पोटऱ्यांचे स्नायू वाळतात.

रक्त गोठवणारे जे घटक असतात त्यांतला आठवा कमी असला तर हिमोफिलिया 'ए', नववा कमी असला तर 'बी'. 'ए' जास्त आढळतो, साधारण पाच हजार मुलग्यांमागं एकाला. दोष एक्स गुणसूत्रावर असतो, म्हणून आई वाहक आणि मुलगा रुग्ण, असं सहसा होतं. "हा रोग तिच्या माहेरून आला" हे वाक्य मी काउंटरच्या पलीकडून किती वेळा ऐकलं! सुमारे एक तृतीयांश रुग्णांच्या घराण्यात आधी हा आजार कुणालाच नसतो, जनुकातला बदल नव्यानं झालेला असतो. हे त्या सासवांना कुणीतरी सांगायला हवं. शिवाय वाहक स्त्रियांपैकी काहींचा स्वतःचा फॅक्टरही कमी असतो. त्यांची पाळी अतोनात जाते, बाळंतपणात त्यांचा जीव धोक्यात येतो, आणि त्यांची तपासणी कुणी करत नाही.

आता १९६४ च्या आधीची अवस्था बघा. फॅक्टर आठची मात्रा युनिटमध्ये मोजतात. निरोगी माणसाच्या एक मिलिलिटर प्लाझ्मात जेवढा फॅक्टर असतो, ते एक युनिट. पन्नास किलोच्या माणसाच्या गुडघ्यात रक्त उतरलं आणि त्याची पातळी चाळीस टक्क्यांनी वाढवायची म्हटली, तर हजार युनिट लागतात. म्हणजे एक लिटर प्लाझ्मा, पाच दात्यांच्या पाच पिशव्या. त्या माणसाच्या अंगात मुळात प्लाझ्मा असतो दोन-सव्वादोन लिटर. त्यात आणखी एक लिटर घाईनं ओतला तर हृदयाला सोसत नाही, आणि सावकाश दिला तर तोवर सांधा भरत राहतो. त्यातच दिलेला फॅक्टर बारा तासांत निम्मा होतो. औषध होतं, पण पुरेशा मात्रेत शरीरात घालायला जागा नव्हती. साधा दात काढायचा म्हटलं तरी जिवाची जोखीम असायची.

पूल यांचा जन्म १९१९ चा, न्यू यॉर्कमधला. शिकागो विद्यापीठात त्या शरीरक्रियाशास्त्र शिकल्या. राल्फ जेरार्ड यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी काचेच्या अतिसूक्ष्म नळीचा इलेक्ट्रोड वापरून बेडकाच्या एकेका स्नायुतंतूचा विद्युतदाब मोजला. पुढं मज्जासंस्थेच्या अभ्यासाचा पाया ठरलेलं हे तंत्र. १९४६ मध्ये डॉक्टरेट मिळाली तेव्हा त्या संसारात होत्या, मुलं लहान होती. पुढं कॅलिफोर्नियात आल्यावर १९५३ मध्ये त्या स्टॅनफर्डच्या वैद्यकीय महाविद्यालयात संशोधक म्हणून लागल्या आणि विषय बदलून रक्त गोठण्याकडं वळल्या. मध्ये एक वर्ष फुलब्राइट शिष्यवृत्तीवर ऑस्लोला जाऊन आल्या.

गोठवलेला प्लाझ्मा थंडीतच सावकाश वितळू दिला, तर सगळ्यात शेवटी जो गाळ उरतो त्यात फॅक्टर आठ भरपूर असतो, हे त्यांच्या ध्यानात आलं. गाळ इतरांनीही पाहिला असणार. थंड प्लाझ्मात साका बसतो ही काही गुपित गोष्ट नव्हती. पूलबाईंनी तो साका टाकून न देता त्याची चाचणी घेतली. १९६४ मध्ये दोन सहकाऱ्यांसह त्यांनी हे 'नेचर'मध्ये छापलं.

त्याच वर्षी रक्त गोठण्याची पूर्ण साखळी, एक घटक दुसऱ्याला जागं करतो आणि दुसरा तिसऱ्याला, अशी धबधब्यासारखी उतरंड, इंग्लंडमध्ये मॅकफार्लेन यांनी आणि अमेरिकेत डेव्ही व रॅटनॉफ यांनी स्वतंत्रपणे मांडली. पाठ्यपुस्तकात १९६४ हे साल त्या धबधब्यामुळं येतं. तो मोठाच विचार होता, त्याचं मोल मी कमी करत नाही. पण त्या वर्षी गुडघा धरून बसलेल्या मुलाला फरक पडला तो गाळामुळं.

खरं पाऊल पुढच्या वर्षी पडलं, आणि त्याच्याविषयी मला जास्त बोलायचं आहे. १९६५ मध्ये अँजेला शॅनन यांच्याबरोबर पूल यांनी 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये क्रायो बंद पिशव्यांच्या जोडणीत कसा करायचा ते लिहिलं. एकमेकींना नळ्यांनी जोडलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या तेव्हा रक्तपेढ्यांत आल्याच होत्या. त्याच वापरायच्या. एका पिशवीत रक्त घ्यायचं, प्लाझ्मा दुसऱ्या पिशवीत सरकवायचा, गोठवायचा, वितळवायचा, फिरवायचा. कुठंही पिशवी उघडायची नाही, म्हणजे जंतू शिरायला वाट नाही. लाल पेशी दुसऱ्या रुग्णाच्या कामी येतात, गाळ काढून उरलेला प्लाझ्माही वाया जात नाही. नवं यंत्र नको, कारखाना नको. फ्रीझर, फ्रिज आणि सेंट्रिफ्यूज असलेल्या कोणत्याही रक्तपेढीत, माझ्यासारख्या पदविका झालेल्या तंत्रज्ञाला ते करता येतं. अर्धाअधिक फॅक्टर पंधरा-वीस मिलिलिटरमध्ये येतो. दहा-बारा पिशव्या एकत्र केल्या तरी पेलाभर होतात. पेलाभर शिरेतून सहज जातो.

पूल यांच्यापुढं प्रश्न दोन होते: फॅक्टर वेगळा करता येतो का, आणि तो रुग्णाजवळच्या रक्तपेढीत करता येतो का. पहिल्याचं उत्तर मिळाल्यावर बरेच संशोधक थांबतात. त्यांचं त्यांना यश मिळालेलं असतं, शोधनिबंध छापलेला असतो. पूल दुसऱ्या उत्तरासाठी राबल्या. मी नजर म्हणते ती हीच. उपचार किती अद्भुत आहे हे मी आधी विचारत नाही. रुग्णापासून तो किती लांब आहे हे विचारते.

आपल्याकडं अशी माणसं झालेली नाहीत असं नाही. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिन वापरलं. रक्तदाबाची स्वस्त गोळी ती, आणि त्यांचं काम 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. कोकणातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जे मिळू शकतं त्यातूनच इलाज शोधायचा, हा त्यांचा आग्रह आणि पूल यांचा आग्रह मला सख्ख्या भावंडांसारखा वाटतो.

पूल यांना विद्यापीठानं काय दिलं? संशोधनाच्या अनुदानावर चालणाऱ्या, कनिष्ठ मानल्या जाणाऱ्या पदांवर त्या कित्येक वर्षं राहिल्या. त्यांचा क्रायो जगभरच्या रक्तपेढ्यांत पोचला, आणि त्या पूर्ण प्राध्यापक झाल्या १९७२ मध्ये. १९७५ मध्ये, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी, मेंदूतल्या गाठीनं त्या गेल्या. प्राध्यापकपद जेमतेम तीन वर्षं लाभलं. १९७१ मध्ये अमेरिकेत महिला वैज्ञानिकांची संघटना उभी राहिली, तिच्या पहिल्या सहअध्यक्षांत त्या होत्या. का होत्या हे वेगळं सांगायला नको.

क्रायोलाही मर्यादा होत्या. पिशवी गोठवून ठेवावी लागते, घरी नेता येत नाही. प्रत्येक पिशवीत फॅक्टर किती, हे नेमकं ठाऊक नसतं. फॅक्टर नऊ त्यात नसतोच, म्हणजे 'बी'च्या रुग्णाला त्याचा उपयोग नाही. म्हणून साठच्या दशकाच्या अखेरीस कारखान्यात बनलेली फॅक्टरची भुकटी आली तेव्हा रुग्णांनी ती आनंदानं स्वीकारली, आणि त्यांचं काही चुकलं नाही. छोटी बाटली, पाण्यात मिसळायची, घरीच टोचून घ्यायची. मुलं शाळेत जाऊ लागली, माणसं नोकरी करू लागली.

पण भुकटीच्या एका घाण्यात हजारो दात्यांचा प्लाझ्मा एकत्र होत असे, आणि अमेरिकेत त्यांतले पुष्कळ दाते पैसे घेऊन प्लाझ्मा देणारे होते. गरज असलेला माणूस आपला आजार लपवून रक्त विकतो. हजारांत एक पिशवी दूषित असली तरी सगळा घाणा दूषित. क्रायोत रुग्णाचा संबंध दहा-बारा दात्यांशी येई. इथं एका बाटलीत हजारोंशी. विकत घेतलेल्या प्लाझ्माच्या ह्या धोक्याबद्दल पूल यांनी अखेरच्या काळात जाहीर इशारा दिला होता. तेव्हा भीती होती काविळीची. एचआयव्हीचं नावही कुणाला माहीत नव्हतं.

पुढं जे झालं ते आमच्या क्षेत्रातलं सर्वांत काळं पान आहे. अमेरिकेतल्या हिमोफिलियाच्या सुमारे निम्म्या रुग्णांना औषधातून एचआयव्ही झाला. ब्रिटनमध्ये रक्त आणि रक्तापासूनच्या औषधांतून तीस हजारांहून अधिक लोकांना एचआयव्ही किंवा हेपॅटायटिस सी झाला, सुमारे तीन हजार माणसं गेली. तिथल्या चौकशीचा अहवाल यायला २० मे २०२४ उजाडलं. हा अपघात नव्हता, असं त्या अहवालानं स्पष्ट म्हटलं. आपल्याकडं पैसे घेऊन रक्त देणाऱ्यांवर बंदी आली ती सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालामुळं, १ जानेवारी १९९८ पासून. शिबिरात स्वेच्छेनं रक्त देणाऱ्या माणसाला मी चहा-बिस्किटं देताना नेहमी मनापासून नमस्कार करायची, त्यामागं हा सगळा इतिहास होता.

आज फॅक्टरवर विषाणू मारण्याच्या प्रक्रिया होतात. फॅक्टर आठचं जनुक १९८४ मध्ये हाती आलं आणि माणसाच्या रक्ताशिवाय पेशींत बनवलेला फॅक्टर १९९२ पासून बाजारात आहे. तेव्हा पुन्हा क्रायोकडं चला, असं मी मुळीच म्हणत नाही. जिथं सुरक्षित फॅक्टर मिळतो तिथं तोच द्यावा. माझा मुद्दा अंतराचा आहे, आणि तो आपल्या दारातला आहे.

एक बाई माझ्याकडं यायच्या. शेतमजुरी करायच्या, गावाहून दोन एसटी बदलून. मुलगा नऊ वर्षांचा, वजन पंचवीस किलोच्या आसपास, तीव्र हिमोफिलिया 'ए'. पोराला पाठुंगळी घेऊन त्या काउंटरशी उभ्या राहत. "मॅडम, कालपासून गुडघा भरलाय. फॅक्टर आलाय का?" कधी असायचा, कधी नसायचा. नसला की आम्ही क्रायो द्यायचो, गट जुळेल तशा पिशव्या गोळा करून. एकदा त्या मला म्हणाल्या, "त्याला आधीच कळतं, मॅडम. आतून झिणझिण्या येतात म्हणतो. पण सांगत नाही. सांगितलं की माझा रोज बुडतो हे त्याला कळतं ना."

सांध्यात रक्त उतरायला लागताना मुलांना खरोखरच तशा झिणझिण्या, ऊब जाणवते. त्याच घटकेला फॅक्टर दिला तर सांधा वाचतो. हा मुलगा त्या घटकेला गप्प बसत होता. आम्ही दिलेलं औषध उत्तम होतं, फक्त दीड दिवस उशिरा पोचत होतं.

आपल्याकडं हिमोफिलियाला २०१६ च्या दिव्यांग कायद्यात स्थान मिळालं. सरकारी केंद्रांतून फॅक्टर मोफत मिळतो. ही मोठी गोष्ट आहे आणि ती रुग्णांच्या संघटनांनी झगडून मिळवली आहे. पण अजूनही बहुतेक ठिकाणी फॅक्टर मिळतो तो रक्तस्राव झाल्यावर. सांधा भरला, मूल आणलं, सूज बघितली, कागद झाले, मग बाटली निघाली.

स्वीडनमध्ये माल्मो इथं इंगा मारी निल्सन यांनी १९५८ मध्येच मुलांना ठरावीक दिवशी, रक्तस्रावाची वाट न बघता, फॅक्टर द्यायला सुरुवात केली होती. तीव्र रुग्णाची पातळी थोडी वर राहिली की सांधे टिकतात, हा त्यांचा कयास खरा निघाला. २००७ मध्ये अमेरिकेतल्या एका नीट आखलेल्या अभ्यासानं त्यावर शिक्कामोर्तब केलं. अडीच वर्षांच्या आतली मुलं दोन गटांत वाटली आणि सहाव्या वर्षी त्यांचे सांधे एमआरआयवर पाहिले. नियमित फॅक्टर घेणाऱ्यांत ९३ टक्के मुलांचे सांधे शाबूत होते, रक्तस्राव झाल्यावर घेणाऱ्यांत ५५ टक्के. जागतिक हिमोफिलिया महासंघाची २०२० ची मार्गदर्शक तत्त्वं, ज्यांचे प्रमुख लेखक वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचे डॉ. आलोक श्रीवास्तव आहेत, तेच सांगतात: नियमित प्रतिबंधक उपचार हाच खरा उपचार, आणि पैसा कमी असलेल्या देशांनी निदान कमी मात्रेनं तरी तो सुरू करावा. किलोमागं दहा ते पंधरा युनिट, आठवड्यातून दोन-तीनदा.

"परवडणार कसं?" हा प्रश्न मी बैठकांमध्ये अनेकदा ऐकला. तेव्हा त्या पंचवीस किलोच्या मुलाचा हिशेब मी कागदावर मांडला. किलोला दहा युनिट म्हणजे २५० ची एक बाटली. आठवड्याला दोन, वर्षाला १०४. आता सध्याची रीत. त्याचा कुठला ना कुठला सांधा वर्षातून वीसेक वेळा भरायचा. दर वेळी पातळी चाळीस टक्क्यांवर न्यायला दोन बाटल्या, असे तीन डोस, म्हणजे सहा बाटल्या. वीस वेळा सहा, १२०. नियमित घेऊनही अधूनमधून रक्तस्राव होईल, त्याच्या थोड्या बाटल्या धरा. तरी दोन्ही आकडे एकमेकांच्या आसपासच येतात. एका हिशेबाच्या शेवटी मूल शाळेत चालत जातं, दुसऱ्याच्या शेवटी त्याच्या हातात कुबडी असते. ह्या १२० बाटल्यांत आईचा बुडालेला रोज नाही, एसटीचं भाडं नाही, क्रायोच्या पिशव्या नाहीत आणि पुढं कधीतरी लागणारी गुडघा बदलण्याची शस्त्रक्रिया तर मुळीच नाही.

रक्तस्राव झालेल्या मुलालाच पूर्ण मात्रा मिळत नाही, एक डोस देऊन बोळवण होते, म्हणून सध्याचा खर्च कमी दिसतो. तो खर्च वाचलेला नाही. मुलाच्या सांध्यानं तो भरलेला आहे.

दुसरा आक्षेप गंभीर आहे. जिल्ह्यात रुग्ण किती? कुपोषण, क्षयरोग, डेंग्यू सोडून मूठभर मुलांवर का खर्च करायचा? तीस लाखांच्या जिल्ह्यात पंधरा लाख पुरुष धरले आणि पाच हजारांत एक, हे प्रमाण लावलं तर तीनशेच्या आसपास 'ए'चे रुग्ण निघायला हवेत. लहानपणीच दगावलेले वजा केले तरी संख्या मूठभर राहत नाही. नोंदवहीत मात्र त्याच्या कितीतरी कमी नावं असतात. बाकीची मुलं आहेत, फक्त त्यांच्या आजाराला नाव मिळालेलं नाही. रांगायला लागल्यावर गुडघ्यांवर निळे डाग पडलेली, लस टोचल्यावर मांडी टम्म फुगलेली, "संधिवात आहे" म्हणून वर्षानुवर्षं तेल चोळून घेणारी.

आणि गोठण तपासणारी चांगली प्रयोगशाळा काही एकट्या हिमोफिलियासाठी नसते. घोणस चावली की तिच्या विषानं रक्तातले गोठवणारे घटक संपतात. पावसाळ्यात ग्रामीण रुग्णालयात असे रुग्ण येतच असतात. बाळंतपणातला रक्तस्राव, डेंग्यू, यकृताचे आजार, सगळीकडं तीच चाचणी लागते. ती नीट व्हायला फार मोठं काही लागत नाही, पण काळजी लागते. निळ्या टोपणाची नळी खुणेपर्यंत भरली नाही तर आतल्या, रक्त गोठू न देणाऱ्या सायट्रेटचं प्रमाण चुकतं आणि निरोगी माणसाचाही अहवाल बिघडलेला येतो. मी असे किती नमुने परत पाठवले! परत पाठवलेला प्रत्येक नमुना म्हणजे कुणाचा तरी आणखी एक हेलपाटा. म्हणून जिल्ह्याजिल्ह्यात एक तरी तंत्रज्ञ गोठणचाचण्यांत तयार असावा, आणि त्याची तीन वर्षांनी दुसऱ्या विभागात बदली होऊ नये, एवढंही झालं तरी चित्र बदलेल.

इथं परळच्या राष्ट्रीय रक्तप्रतिकारशास्त्र संस्थेचा उल्लेख केलाच पाहिजे. केईएमच्या आवारातली ही संस्था १९५७ मध्ये रक्तगट संदर्भ केंद्र म्हणून सुरू झाली. त्याआधी पाचच वर्षं ह्याच परिसरात डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी 'बॉम्बे' रक्तगट शोधला होता. हिमोफिलियाच्या जनुकीय तपासण्या, गर्भातलं निदान, वाहक स्त्रियांची ओळख ह्यांवर तिथं अनेक वर्षं काम झालं आहे. मोठी प्रयोगशाळा नसलेल्या ठिकाणीही हिमोफिलिया 'ए' आणि फॉन विलेब्रांड आजार (रक्त नीट न गोठण्याचाच आणखी एक जन्मजात आजार) ओळखता यावा म्हणून तिथल्या शास्त्रज्ञांनी किटही तयार केला. पूलबाईंच्या घराण्यातलं हे काम आहे, अंतर कमी करणारं. तो किट प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात दिसेपर्यंत मला ते काम पूर्ण झालं असं म्हणवणार नाही.

जनुकोपचाराविषयीही लोक मला विचारतात. एकदाच द्यायचा, मग जन्मभर फॅक्टर शरीरातच तयार. अमेरिकेत हिमोफिलिया 'बी'साठी २०२२ मध्ये मान्यता मिळालेल्या पहिल्या जनुकोपचाराची किंमत पस्तीस लाख डॉलर होती, म्हणजे जवळपास २९ कोटी रुपये. फायझरनं २०२४ मध्ये मान्यता मिळालेला आपला असाच उपचार २०२५ च्या फेब्रुवारीत बंद केल्याचं जाहीर केलं, कारण घेणारेच पुरेसे पुढं आले नाहीत. विज्ञान जिंकलं आणि तरीही ते कुणाच्या गुडघ्यापर्यंत पोचलं नाही. ह्याउलट वेल्लोरला डॉ. श्रीवास्तव आणि त्यांच्या चमूनं अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठाच्या साथीनं केलेला प्रयोग मी आशेनं वाचला. पाच रुग्ण, सगळे तीव्र 'ए'. त्यांच्याच रक्त तयार करणाऱ्या मूळपेशी काढून, त्यात फॅक्टर आठचं जनुक घालून परत दिल्या. देखरेखीच्या काळात पाचांपैकी एकालाही रक्तस्राव झाला नाही. डिसेंबर २०२४ मध्ये हे 'न्यू इंग्लंड जर्नल'मध्ये आलं, पूल आणि शॅनन यांचा लेख जिथं आला होता तिथंच. पेशी परत देण्याआधी शरीराला जड औषधं सोसावी लागतात, हा त्यातला मोठा अडथळा आहे. पण हा उपचार आपल्या देशात, आपल्या रुग्णांवर, आपल्या इस्पितळात आकाराला येतो आहे, म्हणून त्याच्यावर सरकारनं सढळ हातानं खर्च करावा असं मला वाटतं. फक्त त्याच्या आशेवर आजच्या नऊ वर्षांच्या मुलाला थांबवू नये. गुडघा वाट बघत नाही.

म्हणून पुन्हा त्या साध्या मागणीकडं. अठरा वर्षांखालच्या प्रत्येक तीव्र रुग्णाला कमी मात्रेचा नियमित फॅक्टर. महिन्याच्या बाटल्या एकदम घरी, रिकाम्या परत आणल्या की नव्या. शिरेत सुई कशी घालायची हे आईला किंवा बापाला शिकवायचं, आणि दहा-बारा वर्षांच्या मुलाला स्वतःला. मुलं ते फार पटकन शिकतात. काहींच्या शरीरात फॅक्टरविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतात, त्यांची ठरावीक काळानं तपासणी आणि त्यांच्यासाठी वेगळं औषध. आणि खरेदी अशी आखायची की मार्चअखेर साठा शून्यावर येणार नाही.

एकदा हे थोड्या प्रमाणात घडलं होतं. साठा चांगला आला आणि आमच्या डॉक्टरांनी त्या बाईंना महिन्याच्या बाटल्या घरी नेऊ दिल्या. सरपंचांच्या फ्रिजमध्ये दुधाच्या पातेल्याशेजारी त्यांनी त्या ठेवल्या. गावातल्या सिस्टर सोमवारी आणि गुरुवारी सुई द्यायच्या. दोन महिने त्या बाई काउंटरवर आल्या त्या फक्त रिकाम्या बाटल्या घेऊन, आणि एकट्या. पोरगा शाळेत होता. दुसऱ्या खेपेला त्यांनी मला त्याचं कॅलेंडर आणून दाखवलं, किराणा दुकानातून मिळतं ना, तसलं. सुई झाली की सोमवार-गुरुवारच्या तारखेवर तो लाल पेन्सिलीनं गोल काढायचा.

तिसऱ्या महिन्यात साठा संपला. मी त्यांना तसं सांगितलं. त्यांनी पिशवीतून पुन्हा ते कॅलेंडर काढून काउंटरवर ठेवलं. पोरानं वर्षअखेरपर्यंतच्या सगळ्या सोमवारांना आणि गुरुवारांना आधीच गोल काढून ठेवले होते.